किड्यांचा उपास

दिल्लीच्या रिजवरचं, म्हणजे शहरातल्या जंगली टेकडीवरचं, सुबाभळीचं रान आटोक्यात आणायचं काम माझ्या हातात होतं. म्हणजे किड्यांच्या बरण्यांची झाकणं माझ्या हातात होती. त्यातलीही दोन हरवली. अशा नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, पाचोळ्यासारखे पायाशी येऊन पडतात.

*

आमच्या रोपवाटिकेच्या जोशी मॅडम पुण्याच्या, खूप शिकलेल्या. मी सातवी. पहिल्याच दिवशी त्यांनी समजावलं, "काका, कुणीतरी चाऱ्यासाठी सुबाभूळ लावली, ती सगळीकडे पसरली. हा किडा फक्त तिचं बी खातो. झाड राहतं, पिल्लावळ थांबते."

मी म्हटलं, "म्हणजे नसबंदी."

मॅडमनी माझ्या हातात झारी दिली. "तुम्ही झाडांना पाणी घाला, काका."

*

गेटवरचा राजबीर हरियाणातल्या मानेसरचा. त्याला मी सांगितलं, हा किडा ड्युटीवर झोपणाऱ्यालाच चावतो. गडी दोन दिवस स्टुलावर पाय वर घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, फिर आप अब तक बचे कैसे?"

*

मोठे साहेब तपासणीला आले. मॅडम हसत म्हणाल्या, "सर, बाभळीवाल्या बरणीतले सगळे मर गए."

साहेबांनी चेहरा पाडला. "बहुत अफसोस हुआ."

"नाही सर, ये तो अच्छी खबर है. दुसऱ्या झाडाचं, बाभळीचं बी समोर असून खाल्लं नाही, उपाशी मेले. म्हणजे बाहेर सोडायला धोका नाही."

साहेबांनी मला विचारलं, "आप समझे?"

"बिल्कुल," मी म्हटलं. समजलं दोघांनाही नव्हतं.

*

शेवटची चाचणी शमीची. किड्यांनी शमी खाल्ली, तर तीन वर्षांचं काम बंद. बरणीत शमीच्या शेंगा ठेवून मॅडम गणपतीला पुण्याला गेल्या.

आता सणाचे दिवस, घरात मोदक, आणि हे बिचारे उपाशी. मला काही बघवेना. रोज सकाळी सुबाभळीच्या चार शेंगा आत टाकायचो. संध्याकाळी उरलंसुरलं उचलून बरणी स्वच्छ.

मॅडम परतल्या तर किडे टुणटुणीत. त्या मटकन खाली बसल्या. "शमी खाल्ली यांनी. संपलं सगळं." साहेबांना कळवायला फोन उचलला. मी उभा घामाघूम. शेवटी म्हटलं, "मॅडम, शमीला त्यांनी तोंडही लावलं नाही. जेवण मी देत होतो."

मॅडमनी फोन ठेवला. हसल्या की रडल्या, मला अजून कळलेलं नाही. चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी किड्यांच्या खोलीच्या दारावर कागद: 'आत येऊ देऊ नये. १. मुंग्या २. पाली ३. काका.'

मी म्हटलं, "मॅडम, इतकी वर्षं नोकरी केली आणि माझा नंबर पालीच्या खाली?"

मॅडम शेंगा मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यादी अकलेप्रमाणे लावली आहे, काका."