हिल्डाकाकूंचं उबदार कपाट

मला वाद घालायची हौस नाही, पण बॉयलरच्या बाबतीत लोकांनी माझं ऐकावं, एवढंच म्हणणं. इंग्लंडमधल्या कीथली गावातल्या आमच्या गल्लीत मी एकवीस घरांत बिनटाकीचे बॉयलर बसवले. नळ सोडला की गरम पाणी, टाकीची अडगळ नाही. बाविसावं घर हिल्डाकाकूंचं. बैठकीतल्या शेकोटीमागचा त्यांचा जुना बॉयलर धूर आत सोडायला लागला, म्हणून मीच बंद करून त्यावर धोक्याची लाल चिठ्ठी लावली. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी तेवढी विजेवर तापत होती.

"टाकी काढायची नाही," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, जमाना कुठे चाललाय!"

"जाऊ दे कुठे जायचं ते. तू आधी वर ये."

जिन्याजवळचं, आतल्या गरम टाकीमुळे सदा उबदार असणारं कपाट त्यांनी उघडलं. एवढी मापं घेतली, पण ते काही मी उघडलं नव्हतं. आमच्याकडे दोरीवर वाळलेला कपडासुद्धा अशा कपाटात रात्रभर ठेवल्याशिवाय कुणी अंगात घालत नाही. काकूंच्या कपाटात चादरी होत्या, फडक्याखाली फुगायला ठेवलेली पावाची कणीक होती आणि आर्नल्डकाकांची सहा बनियनं. काकांची छाती गिरणीतल्या लोकरीच्या धुळीनं कायमची गेलेली. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा या बाईनं सकाळ-संध्याकाळ गरम बनियन चढवून त्यांना वसंत दाखवला होता.

"भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर टाका की," मी तरीही म्हणालो. मी मेला हट्टी!

"त्यावर एक बाजू भाजते, दुसरी ओली राहते. स्वतः घालून बघ एकदा."

आम्ही खाली आलो. खुर्चीतले काका धापा टाकत म्हणाले, "त्याचं ऐक, हिल्डा. बिनटाकीचा घे."

काकूंचा चेहराच उतरला. "तू असं म्हणतोस?"

"दिवसातून चारदा जिना चढतेस त्या गुडघ्यांनी. आणि मी गेल्यावर कुणाची बनियनं तापवणार आहेस?"

मला फार वाईट वाटलं, टाकी काढून टाकलेल्या माझ्या एकवीस घरांची लाजही वाटली.

"गेल्यावरचं गेल्यावर बघू," काकू म्हणाल्या. "आत्ता बसलायस ना समोर?" मग माझ्याकडे वळल्या. "टाकीवाल्या बॉयलरला गॅरंटी किती वर्षांची?"

"सात."

"सातच? जास्त नाही मिळत?"

"दुसऱ्या कंपनीचा घेतला तर दहा."

"मग तोच लाव." त्यांनी काकांच्या मांडीवरची शाल नीट केली. "ऐकलंस ना? दहा वर्षं. मध्येच कुठे जायचं नाही."

"बघतो," काका म्हणाले. "आधी चहा टाक."