ओळख न दाखवण्याचा नियम

फौजदारबाई माझ्या आयुष्यात आल्या तेव्हा इमारत हादरली, कबुतरं उडाली आणि माझ्या हातातला घास तोंडाची वाट विसरला. वय वीस, उंची दाराच्या कडीएवढी, दोन्ही काखांत एकेक खुर्ची. "सर, ही खोली आजपासून महिला केंद्राची. तुमचं कपाट राहू दे, तुम्ही नको." इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवूनही इतकं नेमकं विधान मला कधी जमलं नव्हतं. डबा उचलून मी शेजारच्या खोलीत गेलो.

फौजदार हे मुलींनी दिलेलं नाव. केंद्र विद्यार्थिनीच चालवत आणि ही त्यांची म्होरकी. दिवसभर तिचा आवाज भिंत फोडून येई. कोणी घाबरलेली मुलगी आली की मात्र पलीकडे किटली वाजे, दार लागे आणि फौजदार गप्प होई. त्या शांततेची मला धास्ती वाटे.

केंद्राचा एक कडक नियम होता. "इथे आलेली मुलगी बाहेर भेटली तर ओळख दाखवायची नाही. शेजारी बसली तरी नाही, अंगावर पडली तरी नाही!" ती केंद्रात जाते हे चारचौघांत कळू नये, एवढाच हेतू.

त्या सत्रात रसायनशास्त्राची एक मुलगी येऊ लागली. वर्गातल्या एका मुलाशी तिने मैत्री तोडली होती. त्याने तोडली नव्हती. तो काही करत नसे, नुसता उभा असे. फाटकाशी, प्रयोगशाळेबाहेर, बसस्टॉपवर. एकदा त्याने हसत विचारलं, "खोलीतला पडदा बदललास?" ती मावशीकडे राहायची, आणि मावशीला कळलं तर शिक्षण बंद, हे ठरलेलं होतं.

फौजदारने तिला शब्द दिला, "एकटी पडणार नाहीस. आमच्यातली कोणीही दिसली की सरळ तिच्याकडे जायचं."

हे इतर मुलींना सांगायचं मात्र राहून गेलं.

एका दुपारी चिमणी, म्हणजे केंद्रातली सगळ्यात नवी मुलगी, उड्या मारत आली. "ताई, आज मी नियम पाळला! ग्रंथालयाखालच्या झेरॉक्सच्या दुकानात ती रसायनवाली आली, माझा हात धरून म्हणाली, 'अगं, चल ना माझ्याबरोबर.' मी म्हटलं, 'माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही.'"

"आणखी कोण होतं?"

"दारात एक मुलगा होता. हसला."

पलीकडे काहीतरी पडलं. मी बाहेर आलो तेव्हा फौजदार धावत होती. मीही धावलो, पोटासकट. दुकानदार म्हणाला, "दोघं गेले की वर, ग्रंथालयाकडे. बहीणभाऊ ना ते?" तिचा फोन बंद होता. ग्रंथालयात ती नव्हती. जिन्यात तिची एक चप्पल पडली होती.

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी होती.

"मी आहे गं, फौजदार."

आतून कापरा आवाज आला, "मी तुम्हाला ओळखत नाही."

फौजदार तिथेच ओल्या फरशीवर बसली. चूक आपली, असं एकदाच म्हणाली. मी वळणावर पहारा देत होतो. तेवढ्यात तो आला. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. "सर, माझी बहीण आत आहे."

"माझीही," मी म्हणालो.

तो हसला आणि शेजारच्या खांबाला टेकून उभा राहिला. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. त्याला कसलीच घाई नव्हती, हेच सगळ्यात भयंकर होतं. कॉलेजच्या पहारेकरी बाई वर आल्या तेव्हा तो "येतो सर" म्हणून निघून गेला.

खूप वेळाने कडी निघाली. मुलगी म्हणाली, "मावशीला बोलवा. मला नाही यायचं आता इथे."

फौजदारने तिला समजावलं नाही. नंबर विचारून स्वतःच फोन लावला.

नियम दुसऱ्याच दिवशी बदलला: मुलगी स्वतः जवळ आली, तर ओळख दाखवायची. त्या मुलाला कॉलेजने समज दिली. शनिवारी मावशी एकटीच आली आणि मुलीचा दाखला घेऊन गेली.