अक्षताचं तिसरं उत्तर

अक्षता ओव्हाळ धायरीहून गाडीवर यायची आणि आल्या आल्या सिंहगड रस्त्याच्या नावाने यथेच्छ बोटं मोडायची. तेवढं झालं की दिवसभर कुणाला वाकडा शब्द नाही. वाकडं बोलायची ती फक्त स्वतःच्या कामाबद्दल.

आमची संस्था छोटी. संगणक, अवकाश आणि संरक्षण धोरण अशा तिन्ही विषयांवर इथे एकत्र संशोधन चालतं, असं पाटीवर लिहिलंय. प्रत्यक्षात गणितवाले आणि धोरणवाले चहापुरते एकत्र येतात. मी, शाइस्ता बागवान, धोरणवाली. अक्षता गणितवाली. तरी आमचं जमलं, कारण मला एखादी गोष्ट समजली नाही तर ती म्हणायची, "मग मीच नीट सांगितलं नसणार." गणितवाल्याच्या तोंडून हे वाक्य मी तरी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

तिचा प्रश्न सांगायला सोपा होता. एखादा परका उपग्रह आपल्या उपग्रहाकडे सरकू लागला, तर तो बिघडून भरकटलाय की कुणी मुद्दाम आणतंय? रडारच्या नोंदींवरून हे ओळखायची नवी पद्धत तिने कित्येक वर्षं खपून तयार केली. पद्धत तीन उत्तरं द्यायची. भरकटलाय, चालवला जातोय, किंवा सांगता येत नाही. तिचा सगळा जीव त्या तिसऱ्या उत्तरात होता. पुरावा किती कमी असला की संगणकाने गप्प बसावं, याचा सिद्धान्तच तिने मांडला होता.

"यंत्र छातीठोकपणे चुकीचं बोललं ना शाइस्ता, तर कुणीतरी त्याला हल्ला समजून उलटा वार करेल," ती म्हणायची.

आमच्याकडे दर शुक्रवारी उलटी सुनावणी असते. संचालक श्रीनिवास सरांनी ती सुरू केली. ज्याचं काम, त्यानेच उभं राहून त्या कामाविरुद्ध बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याची बाजू घ्यायची. खोटं बोलायचं नाही आणि खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, हे दोन नियम. बहुतेक जण आई पाहुण्यांसमोर पोराची तक्रार करते तसे बोलतात, म्हणजे फार अभ्यास करतो हो, जेवायचंही भान नसतं. अक्षता मात्र खरंच बोलली. नोंदी विरळ असल्या की पद्धत कुठे अडखळते, जुन्या उपग्रहांबाबत ती कशी कच्ची आहे, सगळं फळ्यावर मांडलं. शेवटी म्हणाली, "आजच्या घडीला माझाच हिच्यावर पूर्ण विश्वास नाही."

सर उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "याला म्हणतात संशोधक," ते म्हणाले. तिचे वडील सुखदेव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा घरी जाऊन याच सरांनी सांगितलं होतं, "अक्षता मला मुलीसारखी आहे." ती त्या माणसाला देव मानायची.

मग दिल्लीच्या समितीने पद्धत वापरायचं ठरवलं. प्रकल्पाची प्रमुख अक्षताच होणार, हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. सर एकटे दिल्लीला गेले आणि परत येऊन त्यांनी जाहीर केलं की प्रमुख दिग्विजय, त्यांचा जुना विद्यार्थी. तिसरं उत्तरही काढून टाकलेलं. समितीला हो किंवा नाही हवं, म्हणे.

काय घडलं ते समितीतले एक अधिकारी पुण्यात आले तेव्हा कळलं. अगदी सहज त्यांनी अक्षताला विचारलं, "आपलाच या पद्धतीवर विश्वास नाही ना? श्रीनिवास साहेबांनी आपले शब्द वाचून दाखवले आम्हाला."

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले.

"सर, ते शुक्रवारचं होतं."

"अगं, पण मी खोटं काय सांगितलं? तुझेच तर शब्द होते."

इतक्या शांतपणे कुणी कुणाचा गळा कापलेला मी पाहिला नव्हता. मला त्या माणसाची किळस आली. अक्षता बाहेर आली आणि जिन्यात बसून रडली. मी तिला बजावलं, "आता एक अक्षर सांगू नकोस त्यांना. पडू देत तोंडावर."

पडायची वेळही आली. दोन उत्तरांच्या पद्धतीची सुनावणी होती. दिग्विजय उभा राहिला आणि म्हणाला, "वेग थोडा कमी पडतो." पुढे त्याला काही सुचेना. सुचणार कुठून? केलं कुणी होतं ते!

मी अक्षताचा हात दाबला. तिने तो सोडवला आणि फळ्याकडे गेली. मेलेल्या उपग्रहाच्या टाकीतला उरलेला वायू गळतो, त्याने तो हळूहळू ढकलला जातो आणि कुणी चालवतंय असं वाटतं. दोनच उत्तरं असतील तर यंत्र त्याला बेधडक शत्रू ठरवेल. तिने हे पायरी-पायरीने दाखवलं.

"उत्तम!" सर म्हणाले. "दिग्विजय, तिसरं उत्तर परत घाल. अक्षताच्या मदतीचा उल्लेख करू आपण कुठेतरी."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. "फुकट दिलंस त्यांना!"

"चुकीच्या उत्तराने मरणारे सरांच्या घरचे नसतील, शाइस्ता," ती म्हणाली.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचं नवं काम सुनावणीला आलं. आदल्या दिवशीच चहा पिताना तिने त्यातल्या दोन मोठ्या त्रुटी मला समजावल्या होत्या.

"हं, अक्षता," सर कौतुकाने म्हणाले, "कुठे कच्चं आहे सांग."

"कुठेच नाही, सर."

सर हसले. "तरी? एखादी शंका?"

"एकही नाही. अगदी पक्कं आहे."

ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि टेबलाखाली तिने माझा हात धरला. स्वतःच्या कामाबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती.