मल्हारचा नवस आणि लांबलेली ओवी

आमचा मल्हार, माझा मुलगा, एका दुकानात कूलर दुरुस्त करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलरवाल्याला जो मान मिळतो तो नवरदेवालाही मिळत नाही. मार्च लागला की शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारात माणसं उभी: "मल्हारभाऊ आहेत का? पंप बंद पडलाय हो, पोरं रडतायत." आणि हा पठ्ठ्या अख्खा कूलर खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर चढायचा, वर पोचल्यावर पाणीसुद्धा मागायचा नाही.

मित्रांबरोबर एकदा तो रक्तदान शिबिराला गेला. बिस्किटाचा पुडा घेऊन आला आणि काही दिवसांनी तिथून फोन आला, की मुलाला तपासणीला पाठवा. हिपॅटायटिस सी निघालं. यकृताला धरणारा विषाणू. तो आला कुठून, हे शोधण्यात मी आठवडे घालवले. लहानपणीचं इंजेक्शन, न्हाव्याचा वस्तरा, सगळं आठवून पाहिलं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "बाई, ते सोडा. गोळ्या वेळेवर घेऊ द्या." तीन महिने गोळ्या चालल्या. पुढे पुन्हा रक्त तपासलं, तर विषाणूचा मागमूस नाही. मी पेढे वाटले.

इथवर गोष्ट सरळ होती. पण मल्हार काही पहिल्यासारखा होईना.

जिना चढताना मध्येच पायरीवर बसून मोबाइल बघितल्यासारखं करायचा. मोबाइल बंद असायचा. जेवताना घास हातात तसाच आणि डोळे मिटलेले. अंघोळीला गेला की बराच वेळ पाण्याचा आवाज नाही, दार वाजवलं तर आतून, "आलो, आलो!" बादली पालथी घालून तिच्यावर बसलेला असायचा, हे मला नंतर कळलं.

"दमलास का रे?"

"नाही गं. ऊन किती आहे बघ ना."

डिसेंबरातसुद्धा ऊनच.

त्याचंही बरोबर होतं. रिपोर्ट चांगला आलेल्या माणसाला दमायची परवानगी कुणी देत नाही. शेजारच्या जगदेवीबाई तोंडावर म्हणाल्या, "आता काय झालंय त्याला? गाल तर बघा, सफरचंदासारखे!" त्याचे वडील, भारतराव, ताजा रिपोर्ट फडकवून दाखवायचे. डॉक्टरांनी मात्र थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं पुन्हा तपासून शांतपणे सांगितलं, की विषाणू गेला तरी काही जणांचा थकवा बराच काळ रेंगाळतो. कामाचे तुकडे करायचे, मध्ये विसावा घ्यायचा, रोज थोडं चालायचं. हे सगळं मल्हारनं मान हलवून ऐकलं आणि दवाखान्याच्या दारातच सोडून दिलं.

त्यात नवस आला.

आमचं मूळ गाव मंगळवेढ्याजवळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, आणि बिरोबाच्या यात्रेत आमच्याच भावकीचा गजीढोल, म्हणजे धनगरांचा ढोल वाजवत करायचा नाच. गोळ्या सुरू असताना मल्हार गावी जाऊन देवापुढचा हळदीचा भंडारा उचलून बोलून आला होता, "विषाणू गेला तर यंदाच्या यात्रेत ढोल धरीन." भंडारा उचलून बोललेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. त्या ढोलाचं वजन आणि तो कमरेला बांधून नाचायचं, तेही रिंगणात, उन्हात. हा तिथं कोसळला तर?

"पुढच्या वर्षी फेडू," मी म्हणाले.

"देवाला काय सांगू, रिपोर्ट आला पण दम आला नाही? आई, नवस फेडला नाही तर मलाच वाटत राहील की मी बरा झालोच नाही."

मी थोरल्या दिरांना, आबासाहेबांना फोन लावला. गजीच्या रिंगणात ओवी तेच गातात.

"भाऊजी, त्याला नको म्हणा. तुमचं ऐकेल तो."

"नवस त्येचा हाय. मी कसा नको म्हणू? पण सुकन्या, ओवी कुणाच्या तोंडी हाय?"

"तुमच्या."

"मग झालं की! तू नुसती ये. आन्‌ भाकऱ्या जास्तीच्या आण."

यात्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर रिंगण धरलं. मी लिंबू-पाणी, ग्लुकोज, ओला टॉवेल आणि डॉक्टरांचा नंबर घेऊन पुढेच बसले. मल्हारनं ढोल बांधला. पहिली थाप पडली आणि क्षणभर मीसुद्धा आजार विसरले. पोरगं काय वाजवत होतं! पण दोन फेऱ्यांत त्याचे ओठ पांढरे पडले, आणि नेमकी तेव्हाच आबासाहेबांनी कानावर हात ठेवून ओवी उचलली.

आमच्याकडे ओवी चालू झाली की ढोल गप्प राहतो. ओवी संपली की पुन्हा ढोल. त्या दिवशी ओवी संपेचना! बिरोबा मेंढरं घेऊन स्वतःच्या लग्नाला निघाला होता. आबासाहेबांनी त्यांना प्रत्येक विहिरीवर पाणी पाजलं. प्रत्येक बाभळीखाली बसवलं. कुत्र्यांची नावं झाली, कुत्र्यांच्या आयांची नावं झाली. मल्हार ढोलावर रेलून श्वास घेत होता. मग थोडा ढोल, आणि पुन्हा लांबच लांब ओवी.

शेवटी मागून सोनाबाई ओरडली. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. "आरं आबा, देव लग्नाला पोचनार कवा? नवरी म्हातारी हुईल की रं!"

आबासाहेबांनी सूर न तोडता ओवीतच उत्तर दिलं, की कळपात एक मेंढी गाभण हाय, ती दमानं चालते, देव तिच्या पायानं चालतो.

सगळं रिंगण मल्हारकडे बघून हसायला लागलं. मल्हार लाजेनं लाल. "आबा, मला गाभण मेंढी केलंत व्हय!"

"मग? यील तवा कोकरू दाव आमाला!"

असं हसत-खेळत बरंच झालं. शेवटचा फेर मात्र जोराचा असतो, सगळे ढोल एकदम. मल्हारनं सुरुवात केली आणि मी पाहिलं, त्याचे गुडघे लटपटले. मी उठले. तेवढ्यात त्यानं स्वतःच हात वर केला.

"आबा, थांबा. दमलो मी."

सगळ्यांसमोर, मोठ्यानं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि तो तिथंच मातीत बसला.

मी ग्लुकोजचा पेला त्याच्या हातात दिला. सोनाबाईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "मग दमलो म्हनावं की लेकरा, त्यात काय मेलं!"

"पण नवस अर्धाच राहिला," मल्हार पुटपुटला.

आबासाहेबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "ढोल धरीन म्हनाला हुतास, फोडीन नव्हं. फिटला नवस."

त्याचा ढोल चुलतभावानं उचलला आणि फेर पुरा झाला. मल्हारनं मातीत बसूनच टाळ्यांनी ताल धरला.

परतल्यावर त्यानं दुकानाचे मालक सिद्धेश्वर यांना माझ्यासमोरच फोन केला. "मालक, जिने चढणं मला सध्या झेपत नाही. पंप, मोटर टेबलावर बसून करतो. दुपारी तासभर आडवा होणार, आत्ताच सांगून ठेवतो."

पलीकडून मालक बराच वेळ काहीतरी विचारत राहिले.

"हो मालक, खरंच दमतो," मल्हार म्हणाला. "नाही, उन्हानं नाही."