जुन्या फोनमधला आवाज

अकोल्याच्या जुन्या शहरात एका कारागिरांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलेल्या फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला मी तिथे एकदाच गेलो, आणि नाव विचारायचं राहून गेलं. वय साठीचं, दाढीला मेंदी. फाइली एका फोनमधून दुसऱ्यात जायला लागल्या की ते दोन्ही फोन पालथे ठेवत. लोकांच्या घरचं काही आपल्याला दिसू नये म्हणून.

माझ्या आधी भाजी विकणारी एक बाई होती. तिचा नवरा मोर्शीच्या संत्र्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, तो वारला होता. वाटेतून त्याने बोलून पाठवलेले मेसेज तिला नव्या फोनमध्ये हवे होते, कारण जुना कधीही बंद पडला असता.

काम झालं तसे ते उठले. आपली खुर्ची त्यांनी तिला दिली आणि पंखा तिच्याकडे वळवला.

"बाई, आता तुमी आरामात ऐका. आमी बाहेर थांबतो."

मलाही त्यांनी बाहेर नेलं. उन्हात उभं राहून मी विचारलं, "सगळं नव्या फोनमध्ये गेलं, हे फोनवर दिसलंच होतं ना?"

"फाईल गेली का नाई, ते मशीन सांगते," ते म्हणाले. "मानूस आला का नाई, ते त्यायलेच समजन."

मला घाई होती, पण मी थांबलो. बऱ्याच वेळाने बाई दारात आली.

"आले ना?" त्यांनी विचारलं.

"आले," ती म्हणाली. "मधातला खोकला बी आला."