पोशेऱ्याचा राउटर फुटला, पण सेशन उभंच होतं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जव्हारला वाढले, चकव्याच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या, आणि त्यांवर सगळ्यांत मोठ्याने हसायची ती मीच. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

मी नेटवर्क इंजिनिअर. मोखाडा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना इंटरनेट द्यायचं काम आमच्याकडे होतं. त्या दिवशी मी खोडाळ्यात, पंचायतीच्या मागच्या खोलीत होते आणि माझे सहकारी काशिनाथदादा पोशेऱ्यात. दादा जवळच्याच पाड्यावरचे, शांत माणूस. दोन्हीकडचे राउटर एकमेकांशी जोडायचे होते. त्यासाठी दोन्ही बाजूंना समोरच्याचा पत्ता आणि एकच पासवर्ड टाकावा लागतो. जुळलं की सेशन, म्हणजे दोघांमधली जोडणी, उभं राहतं. समोरचा राउटर बंद पडला, की थोड्या वेळात सेशनही पडतं. पडायलाच पाहिजे.

भर दुपार होती. फोन स्पीकरवर.

"ताई, टाकला पासवर्ड. बघा."

"आलं, दादा! सेशन उभं राहिलं."

तेवढ्यात त्यांच्या बाजूने आवाज आला — धाड... धाड... कोणीतरी दारावर घाव घालत होतं.

"कोण हाय रं? थांब, उघडतो ना—"

मग एक ओला, जड आवाज. आणि दादांची किंकाळी. ती थांबेचना. मग एकदम थांबली.

मी लॅपटॉप तसाच टाकून मिळाली ती जीप पकडली. पोहोचले तेव्हा लोकांनी पहारीने दार फोडलं होतं. कडी आतून लावलेली होती, खिडकीला गज. दादा पालथे पडले होते. डोकं मागून फुटलेलं. उजव्या दंडावर कुऱ्हाडीचा घाव, आतलं हाड दिसत होतं. भिंतीवर छतापर्यंत रक्ताचे शिंतोडे. राउटरचे दोन तुकडे, फायबरची केबल तुटलेली. कुऱ्हाड मात्र कुठेच नाही.

शेजारच्या घरातली म्हातारी म्हणाली, "आतून कोन बाहेर नाय आला, बाय. आमी सगली हितंच व्हतो, दाराशी."

दादांना जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. पोलिसांनी मलाही खूप विचारलं. फोनवर ऐकलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप आणायला खोडाळ्याला गेले. आत जाऊन दार लोटून घेतलं, स्क्रीन उघडली... पोशेऱ्याचं सेशन उभं होतं. कालपासून एकदाही न पडता.

स्क्रीन अडकली असेल, म्हणून मी माझ्या बाजूचा पासवर्ड बदलला. मनात आला तो टाकला, कोणाला सांगितला नाही. सेशन पडलं. हुश्श केलं.

आणि ते पुन्हा उभं राहिलं.

म्हणजे समोर कोणीतरी तोच पासवर्ड टाकला होता. फुटलेल्या राउटरमध्ये. जो पोलिसांच्या ताब्यात होता.

तेवढ्यात माझ्या दारावर — धाड! धाड! बिजागऱ्या हलत होत्या. मी राउटरकडे धावले. कशीबशी राउटरची फायबर हिसकून काढली. त्या क्षणी सगळं थांबलं.

खूप वेळाने दार उघडलं. बाहेर पंचायतीचा शिपाई बिडी ओढत बसला होता.

"दार कोणी ठोकलं?"

"कुनी नाय, मॅडम. मी कवाधरनं हितंच हाय."

दाराला बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. मग मी आतल्या बाजूला पाहिलं. फळीत खोल घाव होते, ताजे, पांढरं लाकूड दिसत होतं. माझ्या बाजूने घातलेले.

मी ते काम सोडलं. पोलिसांना कोणी सापडलं नाही. नेटवर्कमधल्या मोठमोठ्या लोकांना विचारून झालं, उत्तर कोणाकडेच नाही.

दादा वाचले. उजवा हात मात्र आता उचलता येत नाही. मध्यंतरी नागलीच्या शेतावर भेटले, तेव्हा धीर करून त्या दुपारचं विचारलं.

"आवाज मला बी बाहेरूनच वाटला, ताई," ते म्हणाले. "म्हणून तर मी दाराकडं त्वांड करून उभा होतो."