कमरेची बॅटरी आणि माझं सामायिक

दुखण्यात लोक देवाला नवस बोलतात. आमच्या जैन घरात ती सोय नाही. आमचा भगवान वीतराग; तो कुणाला देत नाही की कुणाचं घेत नाही. लहानपणापासून हेच ऐकलेलं, आणि अंगात ताकद होती तोवर ते पटायचंही. पण मणक्याचं ऑपरेशन होऊनही डाव्या पायातली आग विझेना, तेव्हा मी जवळच्याच शिरपूरच्या देवळात उभी राहून मनातल्या मनात भांडायची, की तुला काही देताच येत नाही तर मी सांगू कुणाला? नागपूरकडच्या मालेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. गादीवर बसून गिऱ्हाईक करणं बंद झालं. गोळ्यांनी झोप यायची, आग जायची नाही. जिभेला तर अशी धार चढली की घरचे माझ्याशी बेतानंच बोलू लागले.

एवढ्यातही एक गोष्ट सोडली नव्हती, सामायिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाऊण तासाहून जरा जास्त वेळ एका आसनावर स्थिर बसायचं, संसार बाजूला ठेवून मन समतेत ठेवायचं, कुठल्याही जीवाला दुखवायचं नाही. विजेतही अग्नीचे जीव आहेत असं आम्ही मानतो, म्हणून तेवढ्या वेळात मोबाइलच काय, सेलवरचं घड्याळसुद्धा अंगाला लागू देत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हे माझं चुकलेलं नाही. जळता पाय घेऊनही दातओठ खाऊन बसायची, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला तोरा होता.

मग नागपूरच्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. पाठीच्या कण्यापाशी बारीक तारा सरकवायच्या आणि त्यांतून मंद वीज सोडायची, म्हणजे दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत धड पोचतच नाही. आधी आठवडाभर चाचणी. तारा आत, बॅटरी बाहेर कमरेच्या पट्ट्यात. वाकायचं नाही, पाठ पिळायची नाही, आंघोळ करायची नाही. "दुखणं निम्म्यावर आलं तर यंत्र कायमचं आत बसवू, नाहीतर तारा काढून टाकू. ते किती कमी झालं हे मात्र तुम्हीच सांगायचं, दुसरं कुणी सांगू शकत नाही," ते म्हणाले.

यंत्र चालू झालं आणि आगीच्या जागी नुसत्या मुंग्या राहिल्या. घरी येऊन मी कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. आंघोळच नाही म्हटल्यावर पूजा बंद होती, पण सामायिक होतंच. संध्याकाळी खुर्चीवर लोकरीचं आसन अंथरलं, माळ हातात घेतली, आणि ध्यानात आलं. कमरेला वीज चालू होती. काही सुचेना. शेवटी रिमोट घेऊन यंत्र बंद केलं आणि बसले. पहिली माळ संपायच्या आत आग परत आली.

मग रोज दोन वेळा हेच चाललं. बंद करायचं, जळायचं, उठून चालू करायचं, आणि आग शमायची वाट बघायची. कुणाला बोलले नाही. एकदा आमचे हे दुकानातून मधेच घरी आले, तर मी पदराचा बोळा दातांत धरून बसलेली.

सामायिक पुरं होईपर्यंत ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "काहून वं, बंद काहून केलं ते?"

"सामायिकात बिजली चालत नाही."

"मंग आत बसवल्यावर काय करशीन? जलमभर रोज दोन डाव जळत बसशीन?"

"तुमी दुकानात जा," मी म्हटलं.

ते गेले, पण प्रश्न घरातच राहिला. आत बसलेलं यंत्र म्हणजे जन्मभर अंगात वीज. ते तरी ठेवायचं, नाहीतर सामायिक तरी. विचार करकरून मी ठरवलं, की नागपूरला जाऊन सांगायचं, काही फरक पडला नाही, तारा काढा. माझं दुखणं मोजायला दुसरं कोण येणार होतं? सामायिक वाचवायला मी खोटं बोलणार होते, आणि त्यात काही वावगं आहे हेही मला त्या दिवसांत दिसत नव्हतं. दिसायची ती एकच गोष्ट, ती आग पुन्हा कायमची येणार.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी, शिरपूरला पायी निघालेल्या साध्वीजी आमच्या उपाश्रयात विसाव्याला थांबल्या. कुणी ओळखीच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीच्या उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, त्यांच्याकडून घ्यावी, म्हणजे डॉक्टरांसमोर मन डगमगणार नाही, अशा हिशेबानं मी दुपारी गेले. दारात पाय ठेवला, हात जोडले, आणि सवयीनं वाकणार तोच आतून आवाज आला, "बाई, वाकू नका. उभ्यानंच वंदना करा."

त्यांतल्या सर्वांत वृद्ध साध्वीजी बोलल्या होत्या. माझा पट्टा पदराखाली होता. चालण्यावरून त्यांनी ओळखलं असेल. मी विचारलं नाही.

मी पच्चक्खाण मागितलं. ते प्राकृतातलं असतं, आणि देणारे-घेणारे दोघंही ते भराभर म्हणून मोकळे होतात. त्या मात्र सावकाश म्हणत होत्या. शेवटाकडच्या एका शब्दावर त्या थांबल्या.

"याचा अर्थ कधी कुणी सांगितला?"

"नाही, महाराजसाहेब." साध्वींनाही आम्ही असंच म्हणतो.

"हर व्रतात थोडी सूट ठेवली आहे, तिला आगार म्हणतात. या शब्दातला आगार पीडेचा आहे. पीडा एवढी वाढली की मनाची समाधी तुटेल, तर दवा घ्यायची. व्रत तुटत नाही."

माझा बांधच फुटला. यंत्र, बंद-चालू, उद्याचं खोटं, सगळं सांगून टाकलं. बॅटरीचं नाव ऐकताच त्या आपली वस्त्रं सावरून मागे सरकल्या. मला ते लागलं. त्यांनी ते पाहिलं असावं.

"माझा नियम माझ्यापाशी, म्हणून मी सरकले. तुमच्या कमरेला दवा आहे. आगीत बसून कोणती समता साधता तुम्ही? चालू ठेवूनच बसा. मनाला टोचलं तर उठल्यावर एक माळ जास्त फिरवा." मग म्हणाल्या, "पण खोट्याला आगार नाही, बाई."

त्या संध्याकाळी यंत्र चालू ठेवून बसले. सुरुवातीला वाटत राहिलं, आता काहीतरी पाप घडेल. मग केव्हातरी माळ आपसूक फिरू लागली. वेळ संपल्याचं मला ह्यांनी सांगितलं.

नागपूरला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "निम्म्याहून जास्त कमी झालं. मधून मधून मीच बंद करत होते." ते चांगलेच रागावले, मग हसले. परत आले तोवर साध्वीजी शिरपूरहून पुढे गेल्या होत्या. त्यांचं नावही विचारायचं राहून गेलं.

यंत्र आता माझ्या आत आहे. आग अगदीच गेली असं नाही, थंडीत पाय आठवण देतो. पण मी गादीवर बसते, साड्या उलगडून दाखवते, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते. शिरपूरला उभ्यानंच हात जोडते आणि आता भांडत नाही. शरण जाणं म्हणजे सोसत राहणं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला तो सोसण्याचा तोराच सोडायचा होता, आणि तो तारांपेक्षा खोल रुतलेला होता. आमचा भगवान काही देत नाही, हे मी आजही मानते. पण माझ्या दुखण्यासाठीचा शब्द त्याच्या वाणीत केव्हाचा ठेवलेला होता, आणि मी तो उभा जन्म घाईघाईनं म्हणून टाकत होते. आता पच्चक्खाण घेताना तो शब्द आला की मी थांबते, कमरेवर हात ठेवते, आणि मगच पुढचं म्हणते.